लग्न आमचे, कुटुंब मात्र 'हिंदू अविभक्त'?

लग्न झाल्यावर नवरा-बायकोचा इन्कम टॅक्स कमी होतो का? या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर 'नाही' असे आहे. खरे उत्तर मात्र 'तुमचा धर्म कोणता आणि तुमच्या बापजाद्यांनी मागे काय ठेवले, त्यावर आहे' असे आहे. या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत आम्ही दोघे नवरा-बायको गेल्या वर्षी सापडलो. म्हणून हा लेख.

आधी पुस्तकी उत्तर बघू. आपल्याकडे कर माणसावर लागतो, जोडप्यावर नाही. नवऱ्याचा पॅन वेगळा, बायकोचा वेगळा, रिटर्न वेगळे. अमेरिकेत नवरा-बायको एकत्र रिटर्न भरू शकतात, आपल्याकडे ती सोय नाही. याचा एक फायदा आहे. बायको नोकरीला लागली म्हणून तिच्या पहिल्या रुपयावर नवऱ्याच्या वरच्या दराने कर लागत नाही. तिच्या कमाईचा हिशोब शून्यापासून सुरू होतो. बाई स्वतंत्र करदाती आहे, हे आम्हाला तत्त्व म्हणून मान्य आहे.

तोटाही आहे. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत दोघांचा पगार प्रत्येकी ८ लाख असेल तर घरात १६ लाख येतात आणि कर शून्य. एकट्याचाच पगार १६ लाख असेल आणि दुसरी व्यक्ती घर, म्हातारे, पोरं सांभाळत असेल, तर प्रमाणित वजावट जाऊनही कर १ लाख १३ हजार १०० रुपये. घर चालवायला लागणारा पैसा तोच, पण घरकामाला सरकारच्या वहीत शून्य किंमत. चार्टर्ड अकाउंटंटांच्या राष्ट्रीय संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी जोडप्यांना एकत्र रिटर्नचा पर्याय द्या असे सुचवले होते. ते झाले नाही.

लग्नाकडे बघून कर ठरवण्याचा एक प्रयोग आपल्या देशात झालेला आहे, तोही एका मराठी अर्थमंत्र्याच्या हातून. चिंतामणराव देशमुखांनी १९५५-५६ साठी विवाहिताला २००० रुपयांपर्यंत आणि अविवाहिताला १००० रुपयांपर्यंत करमाफी ठेवली होती. विवाहित म्हणजे विवाहित. निकाह असो, मंगलाष्टके असोत की चर्चमधली शपथ, त्यात धर्म विचारलेला नव्हता. पुढे ती तरतूद गेली. ज्या तरतुदीत धर्म विचारला जातो ती मात्र १९२२ च्या कायद्यात होती, १९६१ च्या कायद्यात राहिली आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यातही तशीच आली. तिचे नाव हिंदू अविभक्त कुटुंब. सीए मंडळी तिला एचयूएफ म्हणतात.

ती चालते कशी? कायदा म्हणतो की हिंदू अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र 'करदाता' आहे. त्याला स्वतंत्र पॅन कार्ड मिळते. माणसाच्या पॅनमधले चौथे अक्षर पी असते, कुटुंबाच्या पॅनमधले एच. लग्न झाले की नवरा-बायको मिळून असे कुटुंब मानता येते. मग त्या कुटुंबाला स्वतःची ४ लाखांपर्यंतची करमाफी मिळते, आणि कुटुंबाने सदस्याला दिलेल्या पैशावर पुन्हा कर लागत नाही. म्हणजे दोन माणसांच्या घरात तीन करदाते. तिसरा जेवत नाही, आजारी पडत नाही, फक्त करमाफी घेतो.

हा तिसरा करदाता उभा करता येतो तो हिंदूंना. आयकर कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंबाची व्याख्याच नाही, ती हिंदू कायद्यावर सोडली आहे. आणि हिंदू कायद्यात बौद्ध, जैन, शीख येतात. मुसलमान, ख्रिश्चन, पारशी, ज्यू येत नाहीत.

आता आमची गोष्ट. आम्ही खुलताबादचे. आमच्यापैकी एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, दुसरी आरोग्य खात्यात कंत्राटी परिचारिका. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून त्यांनी वेरूळच्या रस्त्याला दोन गाळे बांधले. आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्याकडून भाडे घेतले, ते हे. महिन्याला दोन्ही मिळून २४ हजार. मालमत्ता कर आणि ३० टक्के वजावट जाऊन वर्षाला साधारण २ लाख रुपये उत्पन्न धरले जाते. वडिलांनी मृत्युपत्र करायचे काढले तेव्हा शहरातल्या एका सीएला विचारायला गेलो.

त्यांनी कागदावर आकडे मांडले. शिक्षकाचा पगार वजावट जाऊन ११ लाख. १२ लाखांच्या आत असल्यामुळे आज कर शून्य. उद्या गाळे त्याच्या नावे झाले की उत्पन्न १३ लाख. सवलतीची मर्यादा ओलांडली, कर ७५ हजार, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ७८ हजार. २ लाखांच्या भाड्यातले ७८ हजार सरकारला. मग ते म्हणाले, "सर, मृत्युपत्रात गाळे मुलाला नका देऊ, मुलाच्या एचयूएफला द्या. वारशाने आलेल्यावर कर नाही, भाडं कुटुंबाचं धरलं जाईल, टॅक्स शून्य."

आम्ही म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत."

"काही अडचण नाही. कायद्याने तुम्ही हिंदूच."

माणूस चांगला, बोलला तेही कायद्याला धरून. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या जूनमध्ये आला, त्याच्या दुसऱ्या कलमात 'बौद्ध, जैन किंवा शीख' असे स्पष्ट लिहिलेले आहे. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली ती त्यानंतर चार महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला. म्हणजे आमच्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हा सरकारी दप्तरात त्यांच्या नव्या धर्मावर जुनी पाटी आधीच ठोकून ठेवलेली होती.

घरी येऊन वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या बापानं छप्पन्नला ते सोडलं. आता दोन गाळ्यांच्या भाड्यापायी मी लिहून देऊ का, पोरगा हिंदू म्हणून?" सुनेकडे बघून म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय, पोरी?"

तिचे म्हणणे वेगळेच होते. तिने एचयूएफच्या पॅन अर्जाचे कागद वाचले होते. त्या अर्जासोबत कर्त्याला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि त्यात अर्जाच्या दिवशी असलेल्या सगळ्या सहदायादांची नावे, त्यांच्या वडिलांची नावे आणि पत्ते लिहावे लागतात. सहदायाद म्हणजे जन्माने हक्क मिळालेला वाटेकरी. मुलगा आला. मुलगीही आली, कारण महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना तो हक्क दिला. बायको येत नाही. ती सदस्य आहे, वाटेकरी नाही. ती स्वतःहून वाटणी मागू शकत नाही. नवरा आणि मुले वाटणी करतील तेव्हा तिला हिस्सा मिळेल. ती म्हणाली, "लग्न माझ्याशी केलं म्हणून कुटुंब तयार झालं, आणि त्या कुटुंबाच्या कागदावर माझंच नाव नाही."

एचयूएफची जाहिरात करणारे व्हिडिओ 'लग्न झालंय? मग टॅक्स वाचवा' असे सांगतात. ही ओळ त्यात कुठे नसते.

आमच्या समाजातले काही जण म्हणतील, एवढा आव कशाला? हिंदू विवाह कायदाच आपल्याला लागू आहे, मग एचयूएफनेच काय बाटणार? ज्या बौद्ध अधिकाऱ्यांनी अशी फाईल उघडली आहे त्यांना नावे ठेवायला आम्ही बसलेलो नाही. पण फरक आहे. विवाह कायदा आमच्यावर न विचारता लागू झालेला आहे. बौद्ध विवाह कायद्याची मागणी चळवळ अनेक वर्षे करते आहे ती त्यासाठीच. एचयूएफ मात्र आपल्या हाताने, प्रतिज्ञेवर लिहून, मागून घ्यावी लागते. प्रतिज्ञा आम्ही एकदा घेतलेली आहे.

आणि हिशोब करायचाच तर पुरा करू. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये शीख आले. बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. धर्मांतरानंतर ३४ वर्षे. म्हणजे शिष्यवृत्ती आणि नोकरी मागायला गेलो की 'तुम्ही हिंदू राहिला नाहीत', आणि लग्न, वारसा, कर यांचा विषय निघाला की 'तुम्ही हिंदूच'. एकाच माणसाला एका खिडकीवर एक धर्म आणि दुसऱ्या खिडकीवर दुसरा. कोणत्या खिडकीवर कोणता, ते खिडकीच्या आत बसलेला ठरवणार.

आता समजा आम्ही सही केली असती. तरी आमच्या वस्तीतल्या किती घरांना याचा उपयोग आहे? एचयूएफला उत्पन्न यायला आधी मालमत्ता लागते. आपल्या पगारातून घेतलेले घर किंवा ठेव कुटुंबाच्या नावे टाकली तर चालत नाही. ३१ डिसेंबर १९६९ नंतर असे काही टाकले तर त्याचे उत्पन्न परत त्याच माणसाच्या उत्पन्नात मोजले जाते. मालमत्ता वरून यावी लागते, वाडवडिलांकडून किंवा त्यांच्या मृत्युपत्रातून. ज्यांच्या वाडवडिलांना विहिरीवर येऊ दिले नाही, ज्यांच्या वाट्याला गावकीची चाकरी आली, मराठवाड्यात ज्यांना गायरानाच्या तुकड्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या मागे तुरुंगात जावे लागले आणि अजून सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांना वरून काय येणार? सवलत 'सर्व हिंदूंना' आहे असे म्हणायचे, आणि मिळणार कुणाला, तर ज्यांच्याकडे वाडा, पेढी, दुकानांची रांग तीन पिढ्यांपासून आहे त्यांना. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने वाडवडिलांच्या दुकानांचे ४ लाखांचे निव्वळ उत्पन्न स्वतःऐवजी एचयूएफच्या नावे दाखवले, तर त्याचे वर्षाला १ लाख २४ हजार ८०० रुपये वाचतात. जात जशी वारशाने येते तशी ही करमाफीही वारशाने येते.

बाबासाहेबांना हे दिसत नव्हते असे नाही. हिंदू कोड बिलात त्यांनी जन्माने हक्क देणारी ही मिताक्षरा पद्धतच काढायला घेतली होती. सामाईक कुटुंबाच्या जागी ज्याचा-त्याचा, जिचा-तिचा स्वतंत्र हिस्सा त्यांना हवा होता. बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ चा कायदा झाला त्यात ती पद्धत शिल्लक राहिली, आणि एचयूएफ तिच्याच आधारावर उभी आहे. केरळने १९७५ मध्ये कायदा करून हिंदू एकत्र कुटुंब पद्धत रद्द केली. केरळातले हिंदू त्याने बुडाले नाहीत. २०१८ मध्ये विधी आयोगानेही कुटुंब कायद्यावरच्या आपल्या टिपणात, ही व्यवस्था कर चुकवायला वापरली जाते आणि तिला कवटाळून बसण्यात अर्थ नाही, असाच सूर लावला.

कराबद्दल बाबासाहेबांची कसोटी साधी होती. फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी बोट ठेवले होते ते याच ठिकाणी: उत्पन्न नसेल तर इन्कम टॅक्सवाल्याला सूट, पण शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी त्याला जमीन महसूल भरावाच लागतो. ऐपत सारखी असेल तर भार सारखा हवा, एवढेच.

त्या कसोटीवर आमच्या गल्लीकडे बघा. दर्ग्याच्या बाजूला आमचे एक मित्र राहतात, उर्दू शाळेत शिक्षक. वेतनश्रेणी तीच, इन्क्रिमेंटचा महिनाही तोच. त्यांच्याही वाट्याला वडिलांचे दुकान येणार आहे. समजा त्याचे भाडे आमच्याएवढेच आले, तर त्यांना ७८ हजार भरावे लागतील. सीए त्यांना एचयूएफ सुचवूच शकत नाही. आम्ही ही गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "चला, तुम्हाला तरी हिंदू व्हायची ऑफर आली."

खुलताबाद हे कराच्या इतिहासाचेही गाव आहे. इथे मलिक अंबरची कबर आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता झाला आणि जमिनीचा कस व पीक बघून महसूल ठरवण्याबद्दल दख्खनमध्ये ओळखला गेला. त्याच गावात औरंगजेबाची उघडी कबर आहे, ज्याने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लावला. धर्म बघून कर लावणे अन्याय आहे, हे त्या कबरीवरून भाषणे करणारे सगळे सांगतात. आम्हालाही मान्य आहे. मग धर्म बघून करमाफी देणे काय आहे? जिझिया आणि एचयूएफ सारखे आहेत असे आम्ही म्हणत नाही. एक अपमान करण्यासाठी लावलेला कर होता, दुसरी जुनी सवलत आहे. पण ऐपत सारखी असताना धर्मावरून आकडा बदलतो, एवढी गोष्ट दोन्हीकडे आहे.

आणखी एक कलम फार कुणी वाचत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४, कलम १९. अविभक्त कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केले की ती व्यक्ती त्या कुटुंबातून तुटली असे मानले जाते. १९७६ मध्ये त्यात सूट घातली: दोघेही या चार धर्मांतले असतील तर कलम लागू नाही. म्हणजे आता ते उरले फक्त धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांसाठी. बौद्ध मुलाने मुसलमान मुलीशी नोंदणी विवाह केला तर कायद्याने तो कुटुंबातून बाहेर. जातिअंताचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवले. धर्माची भिंत ओलांडणाऱ्या जोडप्यांना मात्र कायदा आजही घराबाहेर उभे करतो, आणि त्यासोबत तिसऱ्या पॅनच्याही बाहेर.

याला दुसरा रस्ता नाही असे नाही. तो शेजारीच आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समजली जाते. आयकर कायद्यानेही ते मानले आहे. कलम ५-अ प्रमाणे पगार ज्याचा त्याचा, पण घरभाडे, धंदा, व्याज, भांडवली नफा यांचे उत्पन्न नवरा आणि बायकोत अर्धे-अर्धे मोजले जाते. म्हापशाच्या हिंदूचे, मडगावच्या ख्रिश्चनाचे, वास्कोच्या मुसलमानाचे, सगळ्यांचे. तिथे लग्न खरोखर कर बदलते, आणि बदलते ते बायकोला अर्धी मालकीण मानून. गोव्याची संहिता निर्दोष नाही. मालमत्तेचा कारभार त्यातही नवऱ्याकडेच ठेवलेला आहे. तरी खुलताबादच्या जोडप्याला बायको प्रतिज्ञापत्राबाहेर ठेवून जी सवलत मिळते ती सावंतवाडीच्या पलीकडे तिला अर्धा वाटा देऊन मिळते, हे याच देशात चालू आहे.

समान नागरी कायद्याच्या घोषणा देणाऱ्यांना आमचा प्रश्न इथेच आहे. तलाक, निकाह यांवर तासतासभर बोलता, एचयूएफवर का नाही? उत्तराखंडने २०२४ मध्ये कायदा केला, पण आयकर केंद्राचा विषय आहे, राज्याला तिथे हात लावता येत नाही. केंद्राने नवा आयकर कायदा २०२५ मध्येच केला. जुना कायदा नव्याने लिहून काढण्याची ती वेळ होती. 'हिंदू अविभक्त कुटुंब' हे शब्द त्यातही ठेवले. आमची मागणी दोन वाक्यांची आहे. एक तर ही सोय बंद करा. नाहीतर मालमत्तेचे उत्पन्न जोडप्यात अर्धे-अर्धे धरण्याची गोव्याची रीत साऱ्या देशातल्या साऱ्या जोडप्यांना लावा, धर्म न विचारता.

तोवर ज्यांना आमच्यासारखा प्रश्न पडला आहे त्यांच्यासाठी आम्ही काय केले ते सांगतो. नवऱ्याने आपले पैसे बायकोच्या नावे ठेवले तर त्याचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, त्यामुळे बायकोच्या नावे एफडी करून कर वाचेल या भ्रमात राहू नका. सासऱ्याने हयातीत सुनेला बक्षीस दिले तरी त्याचे उत्पन्न सासऱ्याच्या नावे मोजतात. पण मृत्युपत्राने सुनेला दिलेली मालमत्ता तिची, आणि तिचे उत्पन्नही तिचेच. वडिलांनी मृत्युपत्रात दोन्ही गाळे सुनेला लिहून दिले. तिचे कंत्राटी मानधन वर्षाला ३ लाख, त्यात हे २ लाख. कर शून्य. नोंदणीच्या दिवशी तिथल्या एका माणसाने वडिलांना विचारले, "मुलगा असताना सुनेला?" वडील म्हणाले, "लिहिलंय तसंच टाईप करा."